देव पावला, आता पुढे काय करावे

नवस कसा बोलावा, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावे लागत नाही. अंबाबाईच्या दर्शनरांगेत उभे असताना, जोतिबाच्या पायऱ्या उतरताना किंवा दवाखान्याच्या बाकावर रात्र काढताना तो आपोआप ओठांवर येतो. मागितलेले खरोखर पदरात पडल्यावर काय करायचे, याची चर्चा मात्र घरात फारशी होत नाही. नारळ वाढवला, पेढे वाटले की विषय संपला, असे धरले जाते. प्रत्यक्षात मुलाला पुण्यात नोकरी लागते आणि चार खोल्यांच्या घरात दोन म्हातारी माणसे उरतात. दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागतो आणि सख्ख्या भावाचे येणे-जाणे तुटते. बदली गावाकडे होते आणि बढती हातची जाते. ‘मागितले तेच मिळाले, आता तक्रार कोणत्या तोंडाने करायची’ या विचाराने माणूस गप्प बसतो, आणि हे गप्प बसणेच पुढे जड जाते. देव खरोखर पावतो की तो योगायोग असतो, या वादात येथे शिरायचे नाही, कारण नवस बोललेल्या घरात पुढचे प्रश्न दोन्ही बाजूंनी सारखेच उभे राहतात.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवून घ्यावी: देवाचे देणे आणि मिळालेल्या गोष्टीचा भार हे दोन हिशेब वेगळे आहेत. पहिला हिशेब ठरावीक असतो आणि तो एकदा मिटतो. दुसरा माणसांशी, पैशाशी आणि वेळेशी असतो, तो चालूच राहतो, आणि पहिला मिटवल्याने आपोआप मिटत नाही. बहुतेक घरांत गोंधळ होतो तो हे दोन्ही एकाच वहीत मांडल्यामुळे.

आधी देवाचे देणे

नवस कोणी बोलला, कोणत्या देवाला बोलला आणि नेमके काय कबूल केले, हे कागदावर लिहून काढावे. हे सांगणे काहींना कोरडे वाटेल. पण आजारपणात किंवा परीक्षेच्या काळात घरातली तीन माणसे तीन ठिकाणी तीन गोष्टी बोललेली असतात आणि त्यांचा एकमेकांना पत्ता नसतो. आईने अंबाबाईची ओटी बोललेली असते, वडिलांनी नरसोबाच्या वाडीला अभिषेक, आणि आत्याने भाच्याच्या वतीने परस्पर जोतिबाचे पाच खेटे, म्हणजे रविवारच्या पायी वाऱ्या. सगळ्यांना एकत्र बसवून विचारल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही. यादी झाली की ज्याने बोलले त्यानेच फेडायचे, हा नियम ठेवावा. आत्याने बोललेले खेटे आत्याच्या पायांनी व्हावेत. तिचे गुडघे साथ देत नसतील तर भाच्याने तिच्यासोबत एखादा रविवार चालावे, पण ‘माझ्यासाठी बोलली होतीस ना, मग मीच भोगतो’ अशा सुरात नव्हे.

खेट्यांचे नियोजन आधीपासून करावे लागते, कारण ते माघ महिन्यातल्या पाच रविवारांना असतात आणि माघ चुकला तर वर्षभर थांबावे लागते. परंपरेने कोल्हापूरकर पहाटे पंचगंगेवरून निघून वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख असे अनवाणी चालत वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर पोहोचतात. डोंगर शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. चालण्याची सवय नसलेल्या माणसाने पहिल्याच रविवारी जोशात निघू नये. आठ-पंधरा दिवस आधीपासून थोडे थोडे अनवाणी चालून तळवे तयार करावेत आणि परतीला गाडीची सोय ठेवावी. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालण्याचा हट्ट करू नये, कारण पायाला बधिरपणा असेल तर खडा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. पायात मोजे किंवा चपला घालून केलेला खेटा देव परत पाठवतो, असे म्हणणारा गुरव अजून माझ्या ऐकण्यात नाही.

गुलाल-खोबरे उधळायचे असेल, दवणा वाहायचा असेल आणि सासनकाठ्यांच्या (यात्रेत नाचवल्या जाणाऱ्या उंच मानाच्या काठ्यांच्या) गर्दीतच ‘चांगभलं’ म्हणायचे असेल, तर चैत्र पौर्णिमेची यात्रा आहेच. मात्र लहान मूल, बाळंतीण किंवा नुकतेच दवाखान्यातून आलेले माणूस बरोबर असेल तर यात्रेचा दिवस, चैत्रातले रविवार आणि नवरात्र टाळून साधा कामाचा दिवस धरावा. अंबाबाईच्या ओटीलाही हेच लागू आहे. साडी, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि बांगड्या एवढे साहित्य पुरते. ते घरून निगुतीने बांधून न्यावे, म्हणजे महाद्वारात पोहोचल्यावर घाईने मिळेल ते घ्यावे लागत नाही. सोने-चांदी किंवा मोठी रक्कम वाहणार असाल तर ती देवस्थान समितीच्या कार्यालयात देऊन पावती घ्यावी. अंबाबाई आणि जोतिबा या दोन्ही मंदिरांचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे आणि पावती मागण्यात अश्रद्धा नाही.

नवस लवकर फेडावा. देव कोपेल म्हणून नव्हे. देणे बाकी असेपर्यंत घरातले प्रत्येक विघ्न त्याच्याच नावावर जमा होते, म्हणून. मूल तापले, म्हैस आटली, दुचाकी घसरली की घरातले कोणीतरी ‘जोतिबाचं राहिलंय’ म्हणते. मग तापाचे औषध लांबते आणि सुनेला बोलणी बसतात. देणे फेडलेले असले की ताप हा ताप म्हणून पाहिला जातो.

कर्ज काढून नवस फेडू नये. गावजेवण बोललेले असेल आणि ऐपत नसेल, तर पाच घरांना जेवायला बोलवावे आणि देवासमोर तसे स्पष्ट सांगावे. नवस बोलणारे माणूसच हयात नसेल, तर पुजाऱ्यांना किंवा गुरवांना विचारून, नारळ ठेवून, जमेल तेवढ्यात तो पुरा करण्याची रीत सगळीकडे आहे. आजीने नेमके काय बोलले होते, हे आठवण्यासाठी देवऋषाकडे जाऊ नये. तेथे देणे नेहमी वाढूनच मिळते.

दुसऱ्याच्या अंगावर बोललेला नवस मात्र फेडायचाच नाही. याची आठवण कोल्हापूर जिल्ह्याला करून द्यावी लागू नये. मूल होऊ दे, पहिली मुलगी देवीला सोडीन, असे बोलून कितीतरी घरांनी आपल्या मुली यल्लम्माच्या नावाने सोडल्या, आणि मागणे एकाचे व भोग दुसरीचा असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. राजर्षी शाहू महाराजांच्या करवीर संस्थानात १९२० साली मुले-मुली देवाला वाहण्याच्या जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा झाला. पुढे मुंबई प्रांतात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५चा देवदासी निर्मूलन अधिनियम आला. मुलीच्या केसांत जट झाली म्हणून तिला सोडण्याचा विषय कोणी काढला, तर तो नवस नसून गुन्हा आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही शांतपणे पण ठाम सांगावे आणि जट कापून काढावी. याच्या खालच्या पायरीवरचे नवसही तपासून पाहावेत: ‘पास झाला तर सून म्हणून तिलाच आणीन’, ‘बरा झाला तर तो आयुष्यभर मटण खाणार नाही’. ज्याचे आयुष्य, त्याची संमती नसेल तर बोलणाऱ्याने स्वतः काहीतरी सोडावे आणि विषय मिटवावा.

टेंबलाईला विसरू नये

देवाचे फिटले की मदत केलेल्या माणसांची पाळी येते आणि हीच पायरी सर्वांत जास्त चुकते. याबद्दल आपल्या गावची कथाच पुरेशी बोलकी आहे. कोल्हासुर दैत्याशी झालेल्या संघर्षात त्र्यंबोलीने, म्हणजेच टेंबलाईने, अंबाबाईला मोलाची मदत केली, पण विजयाच्या सोहळ्याला तिला बोलवायचे राहून गेले; ती रुसून टेकडीवर गेली आणि पाठ फिरवून बसली. चूक ध्यानात आल्यावर अंबाबाई निरोप न धाडता स्वतः लवाजम्यासह तिच्या भेटीला गेली. अश्विनातल्या ललिता पंचमीला पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि कोहळा फोडण्याचा विधी होतो, तो याच भेटीचा. वर्षानुवर्षे आपण कोहळ्याच्या तुकड्यासाठी झुंबड करतो, पण घरात देव पावला की आपल्या टेंबलाईला बोलवायचे राहतेच.

तेव्हा दुसरी यादी करावी. दवाखान्यात रात्री बसायला आलेला शेजारी, रक्त द्यायला धावलेली मुले, फीसाठी बिनव्याजी पैसे दिलेले मामा, दाव्याच्या तारखांना रजा काढून आलेला मित्र, आणि ज्यांचे कौशल्य ‘देवाच्या कृपेने’ या दोन शब्दांत गिळले जाते ते डॉक्टर आणि शिक्षक. पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः जावे, मोबाइलवर सामूहिक संदेश टाकून भागवू नये, आणि त्यांनी काय केले ते नेमके सांगावे: ‘त्या रात्री तुम्ही गाडी काढली नसती तर वेळेत पोहोचलो नसतो.’ उसने पैसे असतील तर देवाला तुला करण्याआधी ते परत करावेत. मामांचे पैसे तसेच ठेवून मुलाची गुळाने तुला करणाऱ्याबद्दल कोल्हापूरच्या गूळबाजारात काय बोलले जाते, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

ज्याचे गेले त्याच्याकडे कसे जावे

काही मागण्यांत आपल्याला मिळते म्हणजे दुसऱ्याचे जाते. नोकरीची एकच जागा, सोसायटीची निवडणूक, जमिनीचा दावा. असा नवस फेडताना विशेष जपावे लागते, म्हणून एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो. करवीर तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरात दोन भावांचा बांधावरून दावा चालला होता. धाकट्याने जोतिबाला बोलले होते की निकाल बाजूने लागला तर पुरणपोळीचे गावजेवण घालीन. निकाल लागला. धाकटा पत्रिका छापायला निघाला तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने त्याला उंबऱ्यावर अडवले.

“पत्रिकेत काय घालणार हाईस?”

“नवसपूर्तीनिमित्त महाप्रसाद.”

“कसला नवस, हे साऱ्या गावाला ठावं हाय. दादानं ती पत्रिका हातात घ्यायची व्हय? पत्रिका नगो छापूस. आधी दादाकडं जा, एकटाच जा. निकालाचा शब्द काढू नगोस. देवाचा निवद हाय, तू आल्याबिगर पान मांडणार न्हाई, एवढंच म्हण.”

“आणि न्हाई आला तर?”

“तर वैनीकडं पाच पोळ्या देऊन ये. तुझ्याकडनं दार उघडं ठेव.”

थोरला भाऊ जेवायला आला नाही. पोळ्यांचा डबा मात्र दोन दिवसांनी घासून, त्यात मूठभर शेंगा घालून परत आला. एवढ्यावर भाऊ एक झाले असे नाही. पण पुढच्या पावसाळ्यात बांधावरून पाणी काढायच्या वेळी त्यांनी वकिलांशिवाय बोलणे केले.

या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या, सांगण्यातला प्रत्येक तपशील कामाचा आहे. जाहीर समारंभ करायचाच असेल तर कारण गाजवू नये. ज्याचे गेले त्याला पहिले आमंत्रण, तेही समक्ष आणि एकट्याने. त्याने यावे अशी अपेक्षा धरून जाऊ नये, कारण नकार देण्याचा हक्क त्याच्याकडे उरलेल्या थोड्या गोष्टींपैकी असतो. आणि ‘देवानेच न्याय केला’ हे वाक्य त्याच्यासमोर तर नाहीच, त्याच्या मुलांसमोरही उच्चारू नये, कारण त्याचा अर्थ देव तुमच्या विरुद्ध होता, असाच त्यांना लागतो.

मिळालेल्या गोष्टीचा भार

आता दुसरा हिशेब. मिळालेल्या गोष्टीचा त्रास होऊ लागला म्हणून ती वाईट ठरत नाही, आणि त्रास बोलून दाखवला म्हणून माणूस कृतघ्न ठरत नाही. शिरोळ तालुक्यातल्या शेतीकडे पाहा. पाण्यासाठी मागच्या पिढ्यांनी किती देव पाण्यात ठेवले असतील ते त्यांनाच ठाऊक. पाणी आले, उसाने शिवार हिरवे झाले, आणि काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे मोकाट पाणी सोडल्याने व निचरा न झाल्याने क्षार वर आले. कितीतरी क्षेत्र पांढरे पडून नापीक झाले. यावर पाणी परत करणे हा उपाय नव्हता आणि नवा नवस बोलणे हाही नव्हता. जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून जादा पाणी आणि त्याबरोबर क्षार ओढ्यात काढून देण्याची निचरा पद्धत तेथील शेतकऱ्यांनी अवलंबली आणि पडीक रानात पुन्हा पिके उभी राहिली. ते एकट्याला जमण्यासारखे नव्हते, कारण एकाच्या रानातले पाणी बाहेर काढायला दुसऱ्याच्या रानातून वाट लागते.

घरातही निचरा असाच काढावा लागतो. मागितलेली गोष्ट मिळाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी घरातल्या सर्वांनी बसून, कोणाला दोष न देता, कोणावर काय पडले ते बोलावे. मुलगा पुण्याला गेला तर वीजबिल, गॅस, वडिलांच्या गोळ्या आणि बँकेची कामे कोणाकडे आली? जुळी झाली तर रात्री कोण जागते? दुकान चालू लागले तर जेवणाच्या वेळी घरी कोण नसते? बहुतेक वेळा असे दिसते की नवस एकाने बोलला, फळ दुसऱ्याला मिळाले आणि काम तिसऱ्यावर पडले, आणि ती तिसरी व्यक्ती बहुधा सून किंवा थोरली मुलगी असते. तिच्या वाट्यातले एखादे काम ठरवून काढून घ्यावे, पैसे मोजून बाई लावावी लागली तरी चालेल. देवाला चांदीचा नेत्र वाहण्याइतकाच तो खर्च योग्य आहे.

एक काम मात्र कटाक्षाने टाळावे: या भारातून सुटण्यासाठी लगेच दुसरा नवस. नोकरी मागितली, मग बदली मागितली, मग बदलीच्या जागी घर मागितले, अशी साखळी सुरू झाली की माणूस मिळालेल्या कोणत्याच ठिकाणी टेकत नाही. वर्षभर नवे मागणे थांबवावे. दर्शनाला खुशाल जावे, गाऱ्हाणेही घालावे. ‘तू दिलेस ते सोसवत नाही’ असे देवाला सांगायला आपल्याकडे कधीच मज्जाव नव्हता.

नवसाचे मूल

सर्वांत नाजूक बाब ही. उशिरा, नवसाने झालेल्या मुलाचे जावळ जोतिबाला काढावे, ठरल्याप्रमाणे पेढे वाटावेत आणि तेथेच त्या मुलाचा नवसाशी संबंध संपवावा. प्रत्यक्षात त्याला पोहायला सोडत नाहीत, तालमीत घालत नाहीत, सहलीला पाठवत नाहीत, आणि तो कमी गुण घेऊन आला की ‘तुझ्यासाठी किती देव केले’ हे ऐकवतात. मुलाने ते देव करायला सांगितले नव्हते. त्याला ही गोष्ट सांगायची असेल तर आनंदाची गोष्ट म्हणून एकदा सांगावी, रागाच्या वेळी कधीही नाही. त्याच्या आधी जन्मलेल्या बहिणी घरात असतील तर अधिकच जपावे. ‘हा नवसाचा’ हे शब्द त्यांच्या कानांवर ‘तुम्ही बिननवसाच्या’ असे पडतात, आणि त्या ते पन्नाशीपर्यंत विसरत नाहीत. त्याच्या वाढदिवसाला त्यांनाही ओवाळावे, आणि जमीन-घराच्या कागदांवर त्यांची नावे वेळेवर लागली आहेत का, ते तलाठ्याकडे जाऊन पाहावे.

पुढच्या वेळी मागताना

मागणे थांबणार नाही, हे गृहीत धरूनच चार शब्द. कथेप्रमाणे कोल्हासुराने देवीने शंभर वर्षे या क्षेत्रापासून दूर राहावे, असे मागितले आणि त्याला ते मिळाले. एकशे एकावे वर्ष त्याने हिशेबात धरले नव्हते. (मरताना त्याने गावाला आपले नाव मागून घेतले, असे सांगतात, ते मागणे मात्र अजून निभावते आहे.) तेव्हा बोलण्याआधी मिळाल्यानंतरच्या वर्षाचा विचार करावा. मृगात आपण पाऊस मागतो आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की तोच पाऊस थांबावा म्हणून हात जोडतो. २०१९ आणि २०२१ साली ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना हे जास्त सांगायला नको. पावसाचे माप आपल्या हातात नाही, पण नदीकाठच्या घरातले धान्य आणि कागदपत्रे वरच्या मजल्यावर नेणे आहे, आणि ते पाऊस मागितला त्याच आठवड्यात करावे. नोकरीसाठी बोलायचे असेल तर मुलगा बाहेरगावी गेल्यावर घरी कोण राहणार, ते आधी ठरवावे. दाव्यासाठी बोलायचे असेल तर एकदा तडजोडीचे बोलणे करून मगच बोलावे. आणि कबूल करायचे ते आपल्या पायांनी, आपल्या पैशांनी आणि वर्षाच्या आत फेडता येईल एवढेच कबूल करून, घरातल्या निदान एका माणसाला त्याच दिवशी सांगून ठेवावे.